दोन ग्राफिक्स कार्डांसाठी कोणता चिपसेट? ६८०आय, एक्स४८, पी४५, एक्स५८ आणि त्यापुढचे

दोन-तीन ग्राफिक्स कार्डांचा गेमिंग कॉम्प्युटर बांधायचा म्हटलं की लोक आधी बोर्डावरचे लांब स्लॉट मोजतात. या मोजणीने हमखास फसगत होते. स्लॉट लांब दिसला तरी आत किती लेन (डेटा नेणाऱ्या वाटा) जोडल्यात, आणि त्या नॉर्थब्रिजमधून (प्रोसेसरला लागून असलेली मुख्य चिप) आल्यात, साउथब्रिजमधून (डिस्क, यूएसबी सांभाळणारी चिप) आल्यात की मध्ये टाकलेल्या स्विच चिपमधून, यावर दुसरं कार्ड किती कामाला येणार ते ठरतं. प्रोसेसर किती वर चढेल, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा किती जास्त चालेल (ओव्हरक्लॉकिंग), हेही बऱ्याचदा चिपसेट, म्हणजे या दोन चिपांची जोडीच, ठरवतो. प्रोसेसरमध्ये दम असतो, पण नॉर्थब्रिज आधी हात टेकतो.

एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवीन एसएलआय प्रोफाइल (एसएलआय म्हणजे एनव्हिडियाची अनेक कार्डं जोडून चालवण्याची पद्धत, प्रोफाइल म्हणजे त्यासाठीची खेळागणिक सेटिंग) देणं थांबवलं. त्यामुळे असा बोर्ड आज घ्यायचा तो डायरेक्टएक्स ९ ते ११ च्या काळातले खेळ त्या काळच्या कार्डांवर पूर्ण ताकदीने चालवायला. इथे तपासलेत ते २००६ ते २०१४ या काळातले चिपसेट, कारण वापरलेल्या बोर्डांत निवडीचा खरा घोळ याच काळातल्या बोर्डांचा होतो.

लेनचा हिशोब

पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्डाचा स्लॉट ज्या पद्धतीने जोडलेला असतो ती. तिच्या १.१ आवृत्तीची एक लेन एका दिशेला सेकंदाला २५० मेगाबाइट नेते, २.० ची ५०० आणि ३.० ची साधारण ९८५. म्हणजे १.१ चा सोळा लेनचा स्लॉट आणि २.० चा आठ लेनचा स्लॉट यांची क्षमता सारखीच, ४ गिगाबाइट. इंटेलच्या पी४५ च्या ‘आठ अधिक आठ’ला नाक मुरडणारे आणि एनव्हिडियाच्या ६८०आय च्या ‘सोळा अधिक सोळा’वर भाळणारे हा हिशोब विसरतात. मात्र कार्ड १.१ च्या जमान्यातलं असेल, उदाहरणार्थ जिफोर्स ८८०० जीटीएक्स, तर ते २.० च्या स्लॉटमध्येही १.१ च्याच वेगाने चालतं. अशा जुन्या कार्डाला सोळा लेन मिळाल्या तर फायदा आहेच.

सगळ्यात वाईट रचना इंटेलच्या पी९६५ आणि पी३५ वर दिसते. पहिल्या स्लॉटला नॉर्थब्रिजच्या सोळा लेन असतात, दुसऱ्या लांब स्लॉटला साउथब्रिजच्या फक्त चार. पी३५ वर त्या चार लेन आयसीएच९ या साउथब्रिजमधून निघतात आणि डीएमआय या दुव्यावरून नॉर्थब्रिजकडे जातात. डीएमआयची क्षमता एका दिशेला १ गिगाबाइट, आणि त्याच वाटेने हार्ड डिस्क, यूएसबी, आवाज सगळं जातं. एसएलआयला प्रत्येक कार्डामागे किमान आठ लेन लागतात, म्हणून तो प्रश्नच मिटला. क्रॉसफायर (रेडिऑन कार्डं जोडण्याची एएमडीची पद्धत) मात्र चार लेनवरही ‘चालू’ दाखवतं आणि घोळ तिथेच होतो. ड्रायव्हर सगळं ठीक आहे म्हणतो, पण नवं दृश्य उघडताना, टेक्स्चर भरताना दुसरं कार्ड वाट बघत बसतं आणि फ्रेम अडखळत येतात. पी३५ हा एका कार्डासाठी आणि ओव्हरक्लॉकिंगसाठी अव्वल चिपसेट आहे. दोन कार्डांसाठी घेऊ नका.

बोर्ड हातात आल्यावर लेन तपासायला जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर पुरतं. ‘बस इंटरफेस’च्या ओळीत कार्डाची क्षमता आणि सध्याची जोडणी दोन्ही दिसतात. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला दुवा खालच्या वेगावर जातो, म्हणून तिथलंच प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करा आणि मग आकडा वाचा. खालच्या यादीतून दुसरं कार्ड निवडून त्याचाही बघा. सोळाच्या जागी आठ किंवा आठच्या जागी चार दिसलं, तर कार्ड काढून सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि ते लटकत नाहीये ना, ते पाहा. तरीही फरक पडला नाही, तर लेन कुठून येतात हा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा. पी५५, झेड७७, एक्स७९ वर त्या प्रोसेसरमधून येतात, त्यामुळे सॉकेटमधली एखादी वाकलेली पिनही लेन खाऊ शकते. एक्स५८ वर त्या चिपसेटमधून येतात, तिथे सॉकेटकडे बोट दाखवून उपयोग नाही.

एनफोर्स ६८०आय एसएलआय

नोव्हेंबर २००६ मध्ये जिफोर्स ८८०० च्या बरोबरीने आलेला हा चिपसेट. एक्स५८ येईपर्यंत इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर अधिकृत एसएलआय हवं असेल तर एनव्हिडियाचाच चिपसेट घ्यावा लागे, आणि क्रॉसफायरसाठी इंटेलचा. ग्राफिक्स कार्डाचा ब्रँड आधी ठरला की बोर्डही आपोआप ठरत असे. ६८०आय वर सोळा लेनचे दोन स्लॉट आहेत आणि तिसरा आठचा. दोन मुख्य स्लॉटांपैकी एक नॉर्थब्रिजमधून निघतो आणि दुसरा साउथब्रिजमधून. दोन्ही चिपांमध्ये हायपरट्रान्सपोर्टचा दुवा आहे, तो डीएमआयपेक्षा बराच रुंद असल्यामुळे पी३५ सारखी कोंडी इथे होत नाही. पण साउथब्रिजवर सोळा लेनचा भार असल्याने तोही सणकून तापतो, आणि बहुतेक बोर्डांवर तो नेमका दुसऱ्या कार्डाच्या पोटाखाली येतो.

ओव्हरक्लॉकिंगच्या बाबतीत ६८०आय चे दोन चेहरे आहेत. कोअर २ ड्युओ लावा, म्हणजे दोन कोअरचा, आणि एफएसबी (प्रोसेसर आणि नॉर्थब्रिज यांच्यातल्या बसचा वेग) ४५० ते ५०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. तोच बोर्ड चार कोअरचा प्रोसेसर लावल्यावर ३५० च्या आसपास अडतो. कोअर २ क्वाडमध्ये दोन वेगळ्या डाय (सिलिकॉनचे तुकडे) एकाच बसवर बसलेल्या असतात. बसवर भार दुप्पट होतो, सिग्नलच्या कडा बोथट होतात, आणि शून्य की एक हे ठरवण्याची सीमारेषा चुकायला लागते. इंटेलच्या पी३५ आणि एक्स३८ ने हा भार पेलला, ६८०आय ने नाही. आकड्यांत बघा : क्यू६६०० चा मल्टिप्लायर, म्हणजे प्रोसेसरचा वेग काढायला एफएसबीला गुणायचा आकडा, ९ आहे. ६८०आय वर ३५० गुणिले ९ म्हणजे ३.१५ गिगाहर्ट्झला गाडी थांबते. तोच प्रोसेसर, तोच कूलर एक्स३८ वर ४०० गुणिले ९, म्हणजे ३.६ ला जातो, जी० स्टेपिंग (प्रोसेसरची सुधारित आवृत्ती) असेल तर फार व्होल्टेजही लागत नाही. ६८०आय वर क्वाड लावायचाच असेल तर मल्टिप्लायर खुला असलेला क्यूएक्स६७०० शोधा. १२ गुणिले ३०० केलं की एफएसबीच्या भिंतीचा संबंधच उरत नाही. ४५ नॅनोमीटरचे, म्हणजे पुढच्या पिढीचे, क्वाड मात्र ६८०आय वर चालत नाहीत. ४५ नॅनोमीटरचे ड्युओ बऱ्याच बोर्डांवर नवा बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) टाकल्यावर चालतात.

बायोसमध्ये एफएसबी चौपट आकड्यात लिहिलेला असतो, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झसाठी १६०० भरायचं. रॅमसाठी लिंक्ड आणि अनलिंक्ड असे पर्याय येतात. अनलिंक्डमध्ये रॅमचा वेग स्वतंत्र मागता येतो, पण चिपसेट आपल्याकडच्या ठरावीक गुणोत्तरांतलं जवळचं देतो, म्हणून ८०० मागून थोडं कमी दिसलं तर तो बिघाड नाही. एफएसबीची खरी कमाल शोधताना लिंक्ड आणि सिंक (रॅम एफएसबीच्या सोबतीने) ठेवा, कमांड रेट (रॅमला आदेश देताना थांबायच्या घड्या) २टी करा. १टी वर बेंचमार्कचा आकडा चांगला दिसतो, पण वरच्या एफएसबीला सगळ्यात आधी तोच घात करतो. या चिपसेटला मधल्या पट्ट्यांमध्ये खड्डेही आहेत. एखाद्या आकड्याला बोर्ड चालूच होत नाही आणि त्याच्या २०-३० मेगाहर्ट्झ वर व्यवस्थित चालतो. त्यामुळे एका ठिकाणी अडला की तीच मर्यादा समजून थांबू नका, एक उडी मारून बघा.

नॉर्थब्रिजचं व्होल्टेज १.२ पासून सुरू होतं. १.४ च्या वर नेणार असाल तर हीटसिंकवर छोटा पंखा हवाच. इतक्या वर्षांनंतर मूळ पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. हीटसिंक सोडवताना आधी बोर्ड दहा मिनिटं चालवून कोमट करा, मग हलक्या हाताने फिरवून सोडवा. थंड असताना उपटला तर चिपची कड तुटू शकते.

७८०आय मध्ये नवं फार काही नाही. ६८०आय च्याच घराण्यातला नॉर्थब्रिज, त्याला एनएफ२०० ही स्विच चिप जोडून २.० चे दोन स्लॉट काढलेत आणि ४५ नॅनोमीटरच्या क्वाडची सोय केलीय. दोन्ही कार्डं एनएफ२०० पर्यंत पूर्ण रुंदीने येतात, पण तिथून नॉर्थब्रिजपर्यंत एकच दुवा वाटून घेतात. कार्डं आपापसात बोलतात तेव्हा या चिपचा उपयोग होतो, दोन्ही एकदम प्रोसेसरकडून माल मागतात तेव्हा होत नाही. शिवाय तापणारी चिप आणखी एक वाढली. मार्च २००८ चा ७९०आय मात्र खरोखर वेगळा आहे : नॉर्थब्रिजमध्येच २.० च्या लेन, डीडीआर३, १६०० ची बस, आणि क्वाडचा एफएसबीही पुष्कळ सुधारलेला. कोअर २ वर एसएलआय करायचं असेल तर हाच घ्या. पण याच्यासाठी चांगली डीडीआर३ लागते आणि बोर्ड सहसा सापडत नाही.

एक्स३८, एक्स४८ आणि पी४५

क्रॉसफायरसाठी इंटेलच्या बाजूला आधी ९७५एक्स होता. १.१ च्या सोळा लेन आठ-आठ अशा वाटणारा, आज फक्त संग्रहासाठी ठेवावा असा. खरी निवड एक्स३८, एक्स४८ आणि पी४५ यांच्यात आहे. एक्स३८ आणि एक्स४८ दोन्हींवर २.० चे पूर्ण सोळा लेनचे दोन स्लॉट थेट नॉर्थब्रिजमधून येतात. एक्स४८ म्हणजे एक्स३८ मधून निवडून काढलेल्या चिपा, ज्यांची १६०० बसची हमी इंटेलने दिली. प्रत्यक्षात चांगला एक्स३८ बोर्डही ४०० मेगाहर्ट्झ सहज देतो, त्यामुळे केवळ नावासाठी एक्स४८ च्या मागे लागू नका. पी४५ जून २००८ चा, ६५ नॅनोमीटरवर बनलेला, आणि ९० नॅनोमीटरच्या एक्स४८ पेक्षा थंड. त्याच्या सोळा लेन दोन कार्डांत आठ-आठ वाटल्या जातात.

पी४५ चा नॉर्थब्रिज १.१ व्होल्टवर चालतो, एक्स४८ चा १.२५ वर. क्यू९५५० सारखा क्वाड लावून पी४५ वर ४७० ते ५०० चा एफएसबी मिळू शकतो, एक्स४८ वर ४५० ते ४७५ धरा. एक कार्ड किंवा मध्यम ताकदीची दोन कार्डं असतील तर पी४५ च घ्यावा. रेडिऑन एचडी ४८७० एक्स२ सारखी जोडकार्डं दोन लावणार असाल, म्हणजे एकूण चार जीपीयू (ग्राफिक्स चिपा), तर आठ लेनवर दोन जीपीयूंची गर्दी होते आणि तिथे एक्स४८ चं पारडं जड.

या तिन्ही चिपसेटांवर लोक एफएसबीच्या आकड्याला भुलतात आणि टीआरडी विसरतात. काही बोर्डांवर यालाच परफॉर्मन्स लेव्हल म्हणतात. रॅममधून आलेला माल प्रोसेसरकडे सोपवायला नॉर्थब्रिज किती घडी थांबतो, तो हा आकडा. ४०० मेगाहर्ट्झला एक घडी २.५ नॅनोसेकंदांची. टीआरडी ७ असेल तर १७.५ नॅनोसेकंद. ४५० ला घडी २.२२ ची होते, पण स्थिर राहण्यासाठी टीआरडी ९ करावा लागला तर २० नॅनोसेकंद झाले. एफएसबी ५० ने वाढवला आणि रॅम मागे पडली! बोर्डावर स्ट्रॅप (नॉर्थब्रिजच्या वेळा ठरवणारी सेटिंग) बदलला की टीआरडीही गुपचूप बदलतो, म्हणून ‘ऑटो’वर सोडू नका. एक्स४८ वर क्वाडसाठी ४०० ते ४२५, टीआरडी ७, नॉर्थब्रिज १.३५ ते १.४ व्होल्ट ही जोडी ४६० च्या ओढाताणीपेक्षा खेळात जास्त चांगली चालते.

४५० च्या पुढे जायचंच असेल तर जीटीएल रेफरन्सला हात घालावा लागतो. शून्य-एकची सीमारेषा हीच, आणि ती बसच्या व्होल्टेजच्या, म्हणजे व्हीटीटीच्या, ६३ ते ६७ टक्क्यांच्या आसपास असते. चांगले बोर्ड क्वाडच्या दोन डायसाठी ती वेगवेगळी लावू देतात. प्राइम९५ या ताण देणाऱ्या चाचणीत नेहमी तिसरा किंवा चौथा कोअरच चुकत असेल आणि व्होल्टेज वाढवूनही फरक पडत नसेल, तर दोष दुसऱ्या डायच्या जीटीएलचा आहे. एका वेळी एक पायरी हलवा. ४५ नॅनोमीटरच्या प्रोसेसरला व्हीटीटी १.३ च्या आसपास थांबवा. त्यापुढे नेला तर आज स्थिर वाटणारा प्रोसेसर काही महिन्यांत त्याच वेगाला चुकायला लागतो.

एक्स५८

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या या चिपसेटने दोन्ही कोंडी एकदम फोडल्या. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये गेला, एफएसबीच उरला नाही, आणि चिपसेटला ३६ लेन फक्त कार्डांसाठी मोकळ्या मिळाल्या, सगळ्या २.० च्या. सोळा-सोळा-चार किंवा सोळा-आठ-आठ अशी वाटणी करता येते. एसएलआय आणि क्रॉसफायर दोन्ही एकाच बोर्डावर चालायला लागले. एक अट आहे. एसएलआयसाठी बोर्डाच्या बायोसमध्ये एनव्हिडियाची परवाना-चावी असावी लागते. ती नसेल तर दोन कार्डं आणि पूल (कार्डं एकमेकांना जोडणारी पट्टी) लावूनही ड्रायव्हरमध्ये एसएलआयचा पर्याय दिसत नाही. म्हणून वापरलेला बोर्ड घेताना त्या मॉडेलवर एसएलआयची खूण आहे ना, हे आधी बघा. तीन कार्डांसाठी एनएफ२०० लावलेले एक्स५८ बोर्डही आहेत. सोळा-आठ-आठ पुरत असेल तर ते टाळा, उष्णता आणि विलंब दोन्ही वाढतात.

ओव्हरक्लॉक इथे बेस क्लॉकवर चालतो, म्हणजे एफएसबीऐवजी ज्याला मल्टिप्लायरने गुणायचं तो वेग, मूळ १३३ मेगाहर्ट्झ. आय७-९२० चा मल्टिप्लायर २०, टर्बो धरून २१. ४ गिगाहर्ट्झसाठी २०० गुणिले २० किंवा १९१ गुणिले २१. दुसरा मार्ग सोपा, कारण बेस क्लॉकबरोबर बाकी सगळंच वर चढतं. प्रोसेसर आणि चिपसेट जोडणाऱ्या क्यूपीआय दुव्याचा सगळ्यात लहान गुणक ३६ आहे, म्हणजे २०० ला तो ७.२ गिगाट्रान्सफरवर जातो आणि २२० ला ७.९ वर. बहुतेक एक्स५८ बोर्ड २१० ते २२० च्या मध्ये अडतात ते यामुळे. प्रोसेसरच्या व्होल्टेजने ही भिंत हलत नाही. अनकोअरची अटही लक्षात ठेवा : ४५ नॅनोमीटरच्या आय७ ला अनकोअरचा (प्रोसेसरमधला कोअर सोडून बाकीचा भाग, मेमरी कंट्रोलर धरून) वेग रॅमच्या किमान दुप्पट लागतो. रॅम १६०० वर चालवली तर अनकोअर ३२०० हवा, आणि त्याला पेलायला व्हीटीटी, म्हणजे इथे अनकोअरचं व्होल्टेज, वाढवावा लागतो. तो १.३५ च्या आत ठेवा, रॅम १.६५ व्होल्टच्या आत, आणि दोघांमधलं अंतर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त होऊ देऊ नका, नाहीतर प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर खराब होऊ शकतो. १६०० वर धडपडणारा प्रोसेसर रॅम १३३३ च्या आसपास आणली की एकदम शांत होतो, आणि तीन चॅनेल असल्यामुळे खेळात फरक जाणवत नाही.

आज या बोर्डासाठी खरा प्रोसेसर आहे तो झिऑन एक्स५६५०. सहा कोअर, ३२ नॅनोमीटर, ९५ वॅट, मल्टिप्लायर २० च. अनकोअरची अट त्याला दीडपटीची आहे, म्हणजे १६०० च्या रॅमला २४०० पुरतात आणि व्हीटीटी खालीच राहतो. त्याच कूलरवर ९२० पेक्षा तो थंड चालतो. एक्स५६८० चा मल्टिप्लायर २५ आहे, त्याला १६० चा बेस क्लॉकही ४ गिगाहर्ट्झला पुरतो. कमकुवत बोर्ड असेल तर तो घ्या.

दोन कार्डं लावल्यावर एक्स५८ चा आयओएच, म्हणजे नॉर्थब्रिजच्या जागचा चिप, भरपूर तापतो, कारण तो नेमका पहिल्या कार्डाच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये सापडतो. टॉवर कूलर लावला की त्याच्याभोवतीची हवा अडकते. मूळ कूलर खाली वारा मारायचा, तो गेला हे लोकांच्या ध्यानात येत नाही. हीटसिंकवर तिरका ४० किंवा ६० मिलिमीटरचा पंखा लावला की बऱ्याच बोर्डांचं ‘कारण नसताना बंद पडणं’ थांबतं.

बाकीचे थोडक्यात

एएमडीचा ७९०एफएक्स लेनच्या बाबतीत उदार आहे, दोन सोळाचे किंवा चार आठचे, तेही २.० चे, आणि चिप थंड. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असल्यामुळे नॉर्थब्रिज ओव्हरक्लॉकला आडवा येत नाही. ब्लॅक एडिशन (मल्टिप्लायर खुला असलेला) प्रोसेसर घेऊन मल्टिप्लायरच वाढवा. संदर्भ क्लॉक २०० वरून वर नेणार असाल तर हायपरट्रान्सपोर्टचा गुणक कमी करून दुवा २००० मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवा. साउथब्रिज एसबी७५० असलेला बोर्ड निवडा, त्यातल्या अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशनने फेनम प्रोसेसर जास्त वर जातो. एएमडीवर एसएलआय हवं असेल तर २०११ चा ९९०एफएक्स.

पी५५ वर प्रोसेसरच्या सोळा लेन आठ-आठ होतात. तिसरा स्लॉट चिपसेटचा आणि जुन्या १.१ च्याच वेगाचा, तो विसरून जा. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांपासून सगळी घड्याळं चिपसेटमधल्या एकाच जनरेटरवर आली, त्यामुळे बेस क्लॉक १०० वरून १०५ च्या पुढे नेला की साटा (डिस्कची जोडणी) आणि यूएसबी कोलमडतात. तिथे फक्त मल्टिप्लायर, आणि त्यासाठी ‘के’वाला (मल्टिप्लायर खुला असलेला) प्रोसेसर आणि पी६७ किंवा झेड मालिकेचा चिपसेट. पी६७ घेताना बी३ स्टेपिंगच घ्या. आधीच्या बी२ मध्ये साटाची ३ गिगाबिटची पोर्टं कालांतराने खराब होण्याचा दोष होता आणि इंटेलने ते जानेवारी २०११ च्या अखेरीस मागे घेतले. झेड७७ वर ३.० मिळतं, पण आयव्ही ब्रिज प्रोसेसर लावला तरच.

एक्स७९ ला प्रोसेसरच्या ४० लेन आहेत आणि बेस क्लॉकला १००, १२५, १६६ असे स्ट्रॅप, म्हणजे इथे ठरलेल्या पायऱ्या. आय७-३८२० चा मल्टिप्लायर अर्धवट बंद असला तरी १२५ गुणिले ३६ करून ४.५ गिगाहर्ट्झ निघतात. सँडी ब्रिज-ईवर (एक्स७९ चे पहिले प्रोसेसर) एनव्हिडियाची ६०० मालिकेची कार्डं आपणहून २.० वरच चालतात. ३.० साठी एनव्हिडियाची छोटी सक्तीची फाइल चालवावी लागते, आणि ती चालवल्यावर पडदा लुकलुकला किंवा ड्रायव्हर पडला तर मुकाट २.० वर परत या. दोन कार्डांना तेवढं पुरतं. एक्स९९ वर प्रोसेसरची निवड जपून करा : आय७-५८२०के ला २८ च लेन आहेत, ५९३०के ला ४०. रेडिऑन आर९ २९० पासून क्रॉसफायरचा पूल गेला आणि कार्डांमधली सगळी देवाणघेवाण स्लॉटमधूनच होते, त्यामुळे अशी तीन कार्डं लावणाऱ्याने ५८२०के घेऊन पैसे वाचवणं चुकीचं.

चढवण्याचा क्रम

सगळी कार्डं लावून, सगळं एकदम वाढवून मग काय बिघडलं ते शोधणं म्हणजे फुकटची डोकेदुखी. एकच कार्ड, तेही मूळ वेगावर, ठेवा. मल्टिप्लायर खाली आणा, रॅम सैल करा आणि फक्त एफएसबी किंवा बेस क्लॉकची कमाल शोधा. मग ती थोडी मागे घेऊन रॅमची कमाल, मेमटेस्ट८६+ च्या पूर्ण फेऱ्यांनी. मग मल्टिप्लायर आणि प्रोसेसरचं व्होल्टेज. विंडोजची प्रत या सगळ्यानंतरच टाका, कारण अस्थिर रॅमवर टाकलेल्या विंडोजच्या फाइली आधीच सडलेल्या असतात. पीसीआय एक्सप्रेसचा क्लॉक हाताने १०० मेगाहर्ट्झवर बांधा. ‘ऑटो’वर काही बोर्ड तो एफएसबीबरोबर वाढू देतात आणि ११० च्या पुढे हार्ड डिस्कवर चुकीचा डेटा लिहिला जाऊ शकतो.

आता दुसरं कार्ड. इथे मर्यादा खाली येते, यात नवल नाही. नॉर्थब्रिजवर आणखी लेन जाग्या होतात आणि वर कार्डाची गरम हवा येते. एका कार्डावर रात्रभर टिकलेला ४२५ चा एफएसबी दोन कार्डांवर तासाभरात पडतो. प्राइम९५ चं ब्लेंड आणि थ्रीडी चाचणी एकत्र चालवा, कारण एकेकटी चाचणी हा भार आणत नाही. पडला तर आधी एफएसबी १० ते १५ ने कमी करा, व्होल्टेज नंतर. निळा पडदा येऊन थांबत असेल तर संशय रॅमवर किंवा प्रोसेसरच्या व्होल्टेजवर. पडदा जागच्या जागी गोठून आवाज अडकत असेल तर नॉर्थब्रिजवर. थेट बंद होऊन पुन्हा चालू होत असेल तर एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर). कार्डांचे स्वतःचे वेग सगळ्यात शेवटी, आणि दोन्हींमध्ये जे कमी चढतं त्याच्या आकड्यावर दोन्ही ठेवा.

विजेची एक जागा नेहमी दुर्लक्षित राहते. प्रत्येक कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत खेचू शकतं, त्यातले ५.५ अ‍ॅम्पिअरपर्यंत १२ व्होल्टवर. हा सगळा प्रवाह बोर्डात शिरतो तो २४ पिनच्या जोडणीतल्या फक्त दोन पिवळ्या तारांमधून. तीन कार्डं म्हणजे १६ अ‍ॅम्पिअरच्या वर, दोन पिनांवर. पिन जरा सैल असली की तिथे उष्णता साठते, प्लास्टिक तपकिरी होतं, मग वितळून पिनला चिकटतं. म्हणूनच अशा बोर्डांवर स्लॉटजवळ एक मोलेक्स किंवा सहा पिनची जादा जोडणी असते. तीन कार्डांना ती लावणं सक्तीचं समजा, आणि ती मोलेक्स डिस्कच्या तारेत वाटून न घेता एसएमपीएसमधून स्वतंत्र आणा.

वापरलेला बोर्ड घेताना म्हणूनच पहिली नजर त्या २४ पिनच्या सॉकेटवर टाका. दोन पिवळ्या तारांच्या भोकांभोवती रंग बदलला असेल तर बोर्ड सोडा. मग सॉकेटच्या पिना भिंगाखाली, तिरक्या उजेडात, रांगेने बघा. सगळ्या स्लॉटांत एकेक करून कार्ड लावून जीपीयू-झेडवर लेन मोजा, सगळ्या रॅम स्लॉटांत स्टिक फिरवा. एक्स५८ असेल तर बायोसची आवृत्ती विचारा : सहा कोअरचा झिऑन ओळखणारा बायोस आधीच टाकलेला हवा, नाहीतर तो टाकण्यासाठी आधी जुना ९२० हाताशी लागेल.